इंजिनाच्या शेजारी टिकणारं सर्किट: घरी ईसीयू बनवणाऱ्या नवशिक्यांसाठी

ईसीयूचं, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाचं, सॉफ्टवेअर आता फुकट मिळतं, आणि चांगलं मिळतं. स्पीडुइनो आर्डुइनो मेगावर चालतं, रुसईएफआय एसटीएम३२वर. लॅपटॉपवर ट्यूनर स्टुडिओ टाकला की इंधनाचे टेबल, टायमिंग, आलेख सगळं समोर हजर. पिथमपूरला बाहाच्या (कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या) स्पर्धेत गाडी पळवून आलेली इंदूरची मुलं (तिथल्या पेट्रोल गाडीचं इंजिन कार्बोरेटरचं, ईसीयूला वावच नाही) पुढच्या वर्षी इंजेक्शनच्या मागे लागतात, तेव्हा त्यांची कोडची तयारी पक्की असते. घोडं अडतं ते बोर्डावर. टेबलावर एलईडी छान लुकलुकतात, गाडीत सेल्फ मारला की बोर्ड रीसेट होतो. किंवा दहा मिनिटं उत्तम चालतं आणि मग इंजिन मिस मारायला लागतं.

हा लेख त्या बोर्डाबद्दल आहे. कोडबद्दल यात जवळपास काही नाही. सर्किट काढताना प्रत्येक पिनसमोर एकच प्रश्न ठेवायचा: ही वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा प्रोसेसर रीसेट झाला, तर इंजिनाचं काय होईल? पुढचं सगळं त्या प्रश्नाची उत्तरं आहेत.

कुठलं इंजिन घ्यायचं

शिकायला मारुती ८००चं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन उत्तम. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुटे भाग गल्लोगल्ली, आणि बिघडलं तरी जीव जळत नाही. ते लोखंडी स्टँडवर बसवा. रस्त्यावरच्या गाडीत हे प्रयोग करू नका. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या नोंदीबाहेरचे फेरफार करू देत नाही, आणि १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत प्रदूषणाचं सगळं गणितच मूळ ईसीयूवर उभं आहे. स्टँडवरचं इंजिन, शेतातली गाडी, कॉलेजची स्पर्धा, एवढं मैदान शिकायला पुरेसं आहे.

आधी कागद

सोल्डरिंग गन तापवण्याआधी एक वही घ्या आणि ईसीयूतून बाहेर जाणारी प्रत्येक वायर लिहून काढा. तिच्यापुढे तीन रकाने: तुटली तर, ग्राउंडला चिकटली तर, १२ व्होल्टला चिकटली तर. तीन इंजेक्टर, ठिणगीची कॉइल, इंधन पंपाचा रिले, क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं ते सांगणारा), मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), थ्रॉटल, दोन तापमानं. यादी पंधरा-वीस ओळींची होते. संध्याकाळ जाते, पण निम्मं सर्किट या वहीतच ठरतं. उदाहरणार्थ, इंजेक्टरच्या ओळीत "प्रोसेसर रीसेट झाला तर" असं लिहिलंत की लगेच कळतं, त्या वेळी आर्डुइनोच्या पिना हवेत लटकलेल्या असतात, ना शून्य ना पाच. मॉसफेटचं (इंजेक्टर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) गेट, म्हणजे त्याचा हुकमाचा पाय, हवेत असेल तर तो अर्धवट चालू होऊ शकतो आणि इंजेक्टर सिलिंडरात पेट्रोल ओतत बसतो. उपाय दहा पैशांचा: प्रत्येक गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर. पण वही नसेल तर तो आठवत नाही.

पंपाच्या रिलेचंही तसंच. क्रँकचे पल्स थांबले की दोनेक सेकंदांत पंप बंद व्हायलाच हवा. सॉफ्टवेअर ते करतं. तरी रिलेच्या ट्रान्झिस्टरलाही पुलडाउन (तसाच ग्राउंडकडे खेचणारा रेझिस्टर) द्या, म्हणजे प्रोसेसर मेला तरी पंप थांबेल.

वीज आत येते ती वाट

नवशिक्यांचे बोर्ड सगळ्यात जास्त इथेच मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

गाडीचे १२ व्होल्ट म्हणजे १२ कधीच नसतात. इंजिन चालू असताना १४च्या आसपास. सेल्फ मारताना ६-७पर्यंत खाली, थंडीत आणि जुन्या बॅटरीवर आणखी खाली. कुणी ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला तर २४. मिस्त्रीने बॅटरी उलटी लावली तर उणे १२. आणि चालत्या इंजिनात बॅटरीचं सैल टर्मिनल निसटलं, तर अल्टरनेटरला आपला करंट टाकायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी, अल्टरनेटरमध्ये आतून आवर घातलेला नसेल तर, ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टची धरली आहे, आणि ती ४० ते ४०० मिलिसेकंद टिकू शकते. नव्या अल्टरनेटरमधले डायोड ती ३५ व्होल्टच्या आसपास दाबतात. भंगारातून आणलेल्या अल्टरनेटरवर तो भरवसा ठेवू नका.

आता आर्डुइनो मेगा बघा. त्याच्यावरच्या रेग्युलेटरची कमाल मर्यादा २० व्होल्ट. म्हणून गाडीची वायर सरळ त्याच्या व्हिन पिनला लावायची नाही. स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा करायचा आणि तो थेट मेगाच्या ५ व्होल्ट पिनला द्यायचा. क्रम असा ठेवा.

सगळ्यात पुढे फ्यूज, २ किंवा ३ अँपिअरचा. त्याच्यानंतर लगेच टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी दाबणारा), बॅटरीच्या वायरपासून ग्राउंडला. त्याचा स्टँड-ऑफ, म्हणजे जिथपर्यंत तो वाहत नाही ते व्होल्टेज, २४ व्होल्टचा घ्या, म्हणजे जंप स्टार्टला तो गप्प राहतो. या वर्गाचे टीव्हीएस उसळी ३८.९ व्होल्टला दाबतात. दुकानात एसएमबीजे मालिका सहज मिळते, ती ६०० वॅटची. पण ते ६०० वॅट एखाद्या मिलिसेकंदाच्या झटक्यासाठी असतात, चारशे मिलिसेकंदांच्या लोड डंपसाठी नाहीत. त्यासाठी एसएम८एस२४ए घ्या. चपटा, जाडजूड, महाग. एकच लागतो, तिथे काटकसर नको. फ्यूज टीव्हीएसच्या आधी असण्यालाही कारण आहे: बॅटरी उलटी लागली की एकदिशा टीव्हीएस साध्या डायोडसारखा वाहतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज मागे असेल तर टीव्हीएसच उडतो.

मग शॉटकी डायोड. उलट्या बॅटरीपासून बचाव करायला पी-चॅनेल मॉसफेट जास्त चांगला असं वाचाल, आणि मोठ्या करंटला ते खरंही आहे. पण इथे फक्त प्रोसेसर आणि सेन्सर चालतात, करंट दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास. डायोडमध्ये ०.४ व्होल्ट गेले तरी त्याचा एक फायदा मोठा आहे: त्याच्या पुढचा कपॅसिटर सेल्फच्या वेळी बॅटरीकडे उलटा रिकामा होत नाही. मॉसफेट तो होऊ देतो.

तो कपॅसिटर किती मोठा? करंट ०.२ अँपिअर, सेल्फच्या पहिल्या झटक्याचे २० मिलिसेकंद काढायचे, तेवढ्यात २ व्होल्ट घसरलेले चालतील. ०.२ गुणिले ०.०२ भागिले २, म्हणजे २००० मायक्रोफॅरड. २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशांचा घ्या. ८५ अंशांचा स्वस्त मिळतो, घेऊ नका.

मग रेग्युलेटर. ७८०५ला आत किमान ७ व्होल्ट लागतात, म्हणजे सेल्फ मारला की तो हात टेकतो. एलएम२९४० गाड्यांसाठीच बनवलेला आहे: १ अँपिअरलाही अर्ध्या व्होल्टच्या फरकावर चालतो, उलटी बॅटरी सोसतो, आणि ६० व्होल्टचा झटका १०० मिलिसेकंद सहन करतो. टीव्हीएस ३८.९ला दाबतोय, रेग्युलेटर ६०ला मरतो; मधलं अंतर ही आपली सुरक्षा. एक खोड मात्र आहे. त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, आणि त्या कपॅसिटरचा आतला रोध फार जास्तही चालत नाही, फार कमीही चालत नाही. म्हणून तिथे फक्त सिरॅमिक लावला तर रेग्युलेटर थरथरायला लागतो. मल्टिमीटरवर ५.०० दिसतं, स्कोपवर लाटा दिसतात. साधा इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटलम लावा.

उष्णतेचा हिशेब करा. १४ वजा ५ म्हणजे ९ व्होल्ट, गुणिले ०.२, म्हणजे १.८ वॅट. हीटसिंक नसेल तर टीओ-२२०चं (रेग्युलेटरच्या तीन पायांच्या खोक्याचं) तापमान एका वॅटला ६० अंशांच्या आसपास चढतं, म्हणजे शंभरावर अंशांची वाढ. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२-४३ला असतो, उन्हात बंद उभ्या गाडीत साठीच्या वर. बेरीज करून बघा. हीटसिंक लावा, नाहीतर अॅल्युमिनियमच्या डब्याला इन्सुलेटरसकट कसा.

शेवटचं कलम ब्राउनआउटचं, म्हणजे व्होल्टेज किती घसरल्यावर प्रोसेसरने स्वतःला रीसेट करायचं त्या पातळीचं. मेगावरचा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झला चालायचा तर ४.५ व्होल्ट लागतात. पण मेगा येतो तेव्हा त्याचा ब्राउनआउट २.७ व्होल्टला लावलेला असतो. म्हणजे साडेचार ते पावणेतीन या पट्ट्यात प्रोसेसर रीसेटही होत नाही आणि धड चालतही नाही, आणि अशा वेळी कॉइलच्या पिनवर काय येईल याची खात्री नाही. प्रोग्रॅमर लावून ती पातळी ४.३ करून घ्या.

ग्राउंड

सर्किटाच्या आकृतीत ग्राउंडची खूण सगळीकडे सारखीच असते, आणि तीच फसवते. तांब्याच्या वायरला रोध असतो. करंट वाहिला की तिच्या दोन टोकांत व्होल्टेज पडतं. तीन इंजेक्टर, १२ ओहमचे, १४ व्होल्टवर: प्रत्येकी १.१७, मिळून साडेतीन अँपिअर. कॉइलचा करंटही ईसीयूतूनच परत जात असेल तर दहाच्या घरात. ग्राउंडची वायर, क्रिंप आणि बोल्ट मिळून २० मिलिओहम भरले (गंजलेला बोल्ट याहून कितीतरी जास्त दाखवतो) तर ०.२ व्होल्ट पडले. म्हणजे ज्या पट्टीने मोजायचं तिचाच शून्य सरकला.

०.२ व्होल्टने काय होतं? एमपीएक्स४२५०एपी हा मॅप सेन्सर घ्या. तो एका किलोपास्कलला २० मिलिव्होल्ट देतो. त्याचं ग्राउंड तुम्ही इंजिनावर टेकवलंत आणि ईसीयूचं ग्राउंड इंजेक्टरच्या करंटने ०.२ व्होल्ट वर उचललं गेलं, तर ईसीयूला दाब सुमारे १० किलोपास्कल कमी दिसतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये असतात ३५. ईसीयू समजतो २५. इंधन चौथ्या हिश्श्याहून जास्त कापलं जातं, इंजिन अडखळतं, आणि तुम्ही रात्रभर इंधनाचं टेबल बदलत बसता. टेबल बरोबर असतं.

म्हणून नियम दोन. सेन्सरचं ग्राउंड फक्त ईसीयूकडे परत आणायचं, वाटेत बॉडीला किंवा इंजिनाला कुठेही टेकवायचं नाही. आणि पॉवरचं ग्राउंड वेगळ्या, जाड, एकाहून जास्त वायरींनी इंजिनाच्या ब्लॉकवर एकाच बोल्टला न्यायचं. बोर्डावर या दोन्ही एकाच जागी भेटतात, पॉवरच्या पिनांजवळ. त्याच कारणाने एका वायरचा तापमान सेन्सर, जो आपलं ग्राउंड इंजिनातून घेतो, तो डायलसाठी ठीक, ईसीयूसाठी नको. दोन वायरींचा लावा.

कॉइलचा इग्नायटर (तिचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बोर्डावर ठेवूच नका. तो कॉइलजवळ, त्याचं ग्राउंड इंजिनावर. ईसीयूतून फक्त ५ व्होल्टचा सिग्नल जाऊ द्या. इंजेक्टरचे १२ व्होल्टही रिलेकडून फ्यूजमार्गे थेट इंजेक्टरला जातात. ईसीयू फक्त खालचं टोक ग्राउंडला जोडतो आणि सोडतो.

क्रँक सेन्सर

६००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांत होते, एक अंश २७.८ मायक्रोसेकंदांत. ३६-१चं चाक (३६ दातांच्या जागा, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला) लावलं तर दोन दातांत १० अंशांचं अंतर. वायरीत शिरलेला एक खोटा पल्स प्रोसेसरने दात म्हणून मोजला की ठिणगी १० अंश चुकली. बाकीचे सेन्सर थोडे चुकले तर इंजिन कुरकुरतं. हा चुकला तर पिस्टनला भोक पडू शकतं.

सेन्सर दोन जातींचे. व्हीआर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तार, दोन वायरी, बाहेरून वीज नको. पण सेल्फच्या वेगाला तो व्होल्टच्याही आत देतो आणि भर वेगात कित्येक दहा व्होल्ट. ठरावीक पातळीचा साधा कंपॅरेटर इथे कामाचा नाही. एक तर सेल्फला दात दिसत नाहीत, नाहीतर वेगात आवाजालाही दात समजतो. वेगाबरोबर पातळी बदलणारी आयसी लागते, मॅक्स९९२६सारखी. शिवाय व्हीआरच्या दोन वायरी उलट झाल्या तर सिग्नल दिसतो, आरपीएमही दिसतो, पण दाताच्या मधोमध जो तीव्र उतार शून्य ओलांडतो त्याऐवजी आयसी आळशी चढ पकडते, आणि टायमिंग वेगाबरोबर भटकतं. स्कोपवर एकदा बघून घ्या.

दुसरी जात हॉलची. नवशिक्याने तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत. तीन वायरी, आउटपुट उघड्या कलेक्टरचं, १ ते ४.७ किलोओहमचा पुलअप (वरच्या व्होल्टेजकडे खेचणारा रेझिस्टर). तो पुलअप ५ व्होल्टला द्यायचा, सेन्सर १२वर चालत असला तरीही. १२ला दिलात तर प्रोसेसरच्या पिनवर १२ येतात.

वायर पिळलेली आणि जाळीची. जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंडला जोडा. दोन्हीकडे जोडली की तिच्यातूनच इंजिनाचा करंट फिरायला लागतो. प्लगच्या वायरींपासून लांब न्या. आणि प्लग रेझिस्टरचेच हवेत: एनजीकेच्या बीपीआर६ईएसमधला तो आर त्याचाच. बिनरेझिस्टरचा प्लग जवळच्या प्रोसेसरला सुखाने जगू देत नाही.

बाकी सेन्सर

इथे फार कठीण काही नाही. तापमानाचे एनटीसी (तापले की रोध कमी होणारे), त्यांना २.४९ किलोओहम, एक टक्क्याचा पुलअप. थ्रॉटल म्हणजे साधा पोटेन्शिओमीटर. प्रत्येक अॅनालॉग पिनवर १० किलोओहम मालिकेत आणि १०० नॅनोफॅरड ग्राउंडला. १५९ हर्ट्झच्या वरचा कचरा गळून जातो. शिवाय ती वायर चुकून १२ला चिकटली तर १० किलोओहममधून एक मिलिअँपिअरही जात नाही, पिन वाचते. वहीतला तिसरा रकाना असा भरला जातो. मॅपसाठी मात्र कपॅसिटर लहान ठेवा, नाहीतर थ्रॉटल झटकन उघडल्यावर दाब उशिरा कळतो. सेन्सरना जाणारा ५ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरच्या पॉलिफ्यूजमधून (शॉर्ट निघाला की आपोआप पूर्ववत होणाऱ्या फ्यूजमधून) द्या. बाहेर ती वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी प्रोसेसर जगायला हवा.

इंजेक्टर आणि कॉइल

१२ ते १६ ओहमचे इंजेक्टर घ्या. २-३ ओहमच्यांना आधी ४ अँपिअर आणि मग १ अँपिअर असा करंट आवरावा लागतो. तो धडा नंतरचा.

मॉसफेट ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा हवा. आयआरएलझेड४४एन तसा आहे. आयआरएफझेड४४एन दिसायला हुबेहूब, नावात एका अक्षराचा फरक, पण त्याची हमी गेटला १० व्होल्ट दिले तर. ५वर एखादा नग चालतो, एखादा भाजतो. इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत एल मागितला की "वही चीज़ है, भैया" म्हणून एफ हातात ठेवणारे भेटतात, आणि वर एल छापलेला नकली नगही भेटतो. घरी आणल्यावर तपासा: २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, १२ व्होल्ट, मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडला, गेटला नेमके ५ व्होल्ट. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ड्रेन आणि सोर्सच्या पायांवरच टोकं टेकवा. करंट पावणेदोन अँपिअर, ५ व्होल्टवर कमाल रोध ०.०२५ ओहम, म्हणजे ४५ मिलिव्होल्टच्या आत दिसायला हवं. शंभराच्या वर दिसलं तर तो नग पंख्याच्या खेळण्यात वापरा. टोकं पायांऐवजी वायरींवर टेकवलीत तर वायरींचा रोधही मोजला जातो आणि चांगला नग नापास होतो.

इंजेक्टरच्या आतही तारेची कॉइलच असते. करंट तोडला की ती व्होल्टेज वर फेकते. पुस्तकातला उपाय, म्हणजे कॉइलला समांतर उलटा डायोड, रिलेला ठीक. इंजेक्टरला नको. त्यात करंट सावकाश विझतो, सुई उशिरा बसते, आणि आयडलला जिथे सगळा पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो तिथे हा उशीर खूप मोठा. व्होल्टेज तीस-चाळीसपर्यंत चढू द्यायचं आणि तिथे रोखायचं, म्हणजे करंट चटकन पडतो. त्यासाठी आतच क्लॅम्प असलेला मॉसफेट मिळतो. स्पीडुइनोच्या बोर्डांत एसटीपी६२एनएस०४झेड याचसाठी असतो. गेटला मालिकेत १०० ते ४७० ओहम, आणि तो आधीचा १० किलोओहमचा पुलडाउन.

ठिणगीच्या कॉइलमध्ये धोका वेगळा आहे. तिला दर ठिणगीआधी ३ मिलिसेकंदांच्या आसपास चार्ज करायचं असतं. प्रायमरी अर्ध्या ओहमची. सिग्नल अडकून चालू राहिला तर ती लालबुंद होते, इग्नायटर तिच्याआधी जातो. म्हणून इग्नायटरच्या सिग्नलला त्याच्या टोकापाशीही पुलडाउन हवा, म्हणजे मधली वायर तुटली तरी कॉइल बंद राहील. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीची दिशा उलट निवडली गेली तरी हाच प्रकार होतो. कॉइल जोडण्याआधी तिच्या जागी एलईडी लावून बघा: बहुतेक वेळ विझलेला आणि क्षणभर चमकणारा हवा. उलटं दिसलं तर कॉइल लावू नका.

आणि मेगाची एक खोड: लॅपटॉपने सिरियल पोर्ट उघडला की तो रीसेट होतो. चालत्या इंजिनात हे नको. बोर्डावर रीसेट-ईएन नावाची एक बारीक जोडणी असते, ती ब्लेडने कापा.

बोर्ड आणि वायरिंग

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी टेबलापुरत्या. गाडीत दोन थरांचा नीट बनवून घेतलेला बोर्ड, खालचा थर शक्यतो अखंड ग्राउंड. नेहमीच्या जाडीच्या तांब्यावर १० अंश वाढ धरली तर १ अँपिअरला ०.३ मिलिमीटरची रेघ पुरते, ५ अँपिअरला पावणेतीन लागते. करंट पाचपट, रुंदी नऊपट.

सिरॅमिक कपॅसिटर एक्स७आरचे. वाय५व्हीचे तापमानाने आणि व्होल्टेजने निम्म्याहून खाली घसरतात. कुठलाही सिरॅमिक बोर्डाच्या कडेला आणि स्क्रूच्या भोकाजवळ बसवू नका. बोर्ड वाकला की तो आतून तडकतो, आणि तडकलेला सिरॅमिक बहुधा शॉर्ट होतो. बॅटरीच्या वायरवर तसं झालं तर थेट फ्यूजवर येतं. मोठे इलेक्ट्रोलिटिक आडवे करून सिलिकोनने चिकटवा. सिलिकोन उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर तो वापरू नका. त्यातलं अॅसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

ईसीयू इंजिनाजवळ बसवायचा हट्ट नको. डॅशबोर्डखाली बसवला तर उष्णता, पाणी, कंपनं, तिन्ही निम्म्यावर येतात. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंश कमी केले की साधारण दुप्पट होतं.

वायरी क्रिंप करा, चांगल्या क्रिंपरने. डाग मारलेली वायर जिथे डाग संपतो तिथेच कंपनाने तुटते. कनेक्टर सुपरसील १.५ किंवा त्या जोडीचा. क्रिंप झाल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघा.

टेबलावरची परीक्षा

आधी प्रोसेसर न लावता नुसता पुरवठा. बेंच सप्लायचा करंट ५०० मिलिअँपिअरवर आवळा आणि व्होल्टेज ६पासून २४पर्यंत सावकाश न्या. आउटपुट ५वरून हलता कामा नये. मग वायरी उलट्या लावा. मग बरोबर. अजून ५ येतात? मगच मेगा बसवा.

दुसऱ्या आर्डुइनोवर अर्डुस्टिम टाका, तो ३६-१चा खोटा क्रँक देतो. इंजेक्टरच्या जागी आधी एलईडी, मग खरे इंजेक्टर, कोरडे, थोडाच वेळ.

आता खरी परीक्षा. १२ व्होल्टचा एक रिले घ्या, डायोड न लावता, आणि त्याची कॉइल त्याच्याच नॉर्मली क्लोज्ड संपर्कातून जोडा. वीज दिली की तो स्वतःला तोडत-जोडत भुंग्यासारखा गुणगुणतो आणि त्याच्या वायरीत शेकडो व्होल्टचे काटे उठतात. ती वायर क्रँक सेन्सरच्या वायरला हातभर लांबीपर्यंत चिकटवून ठेवा आणि ट्यूनर स्टुडिओमध्ये सिंक लॉसचा (ईसीयूची दातांची मोजणी किती वेळा चुकली त्याचा) आकडा बघा. शून्यावर टिकला तर बोर्ड इंजिनाच्या लायक. वाढला तर जाळी, ग्राउंड, पुलअप पुन्हा बघा. त्यानंतर हेअर ड्रायरने बोर्ड हाताला भाजेल इतका तापवा आणि हीच परीक्षा परत घ्या.

इंजिनावर

अग्निशामक सिलिंडर हाताशी, पंखा चालू, एकटे नाही. पहिल्यांदा इंजेक्टरचा फ्यूज काढून, प्लग बाहेर काढून, कॉइलचा कनेक्टरही सोडून नुसता सेल्फ मारा. आरपीएम एका आकड्यावर स्थिर दिसायला हवा, उड्या मारता कामा नये. मग प्लग आणि कॉइल लावा, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर ठोकून ठेवा आणि टायमिंग लाइट धरा. पुलीवरची खूण १०वर दिसेपर्यंत ट्रिगरचा कोन बदला. तोपर्यंत पेट्रोल नाही. खूण जुळली की इंजेक्टरचा फ्यूज लावा, पंपाच्या लाइनीला ३ बारला गळती नाही हे बघा, आणि सुरू करा.

इंजिन पूर्ण तापल्यावर, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं ईसीयूच्या ग्राउंड पिनवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर तो बोल्ट उघडा, खालचा रंग घासून काढा, क्रिंप नवा करा आणि पुन्हा मोजा. हे मोजमाप दर महिन्याला घ्या आणि आकडा त्याच वहीत लिहा. पावसाळ्यानंतर तो चढलेला सापडतो.